सुटींतलें बिऱ्हाड : थेट घरमालकाकडून



परीक्षा संपल्या, शेवटचा ऊंस कारखान्याला गेला, उन्हाचा ताप वाढूं लागला, म्हणजे मध्यमस्थितींतल्या कुटुंबांत एक विषय हटकून निघतो : यंदा चार दिवस हवापालट करावयास कोठें जावें? आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, तेथें उतरावें कोठें? हॉटेलांत उतरावें, तर सहासात माणसांच्या कुटुंबाला तो खर्च झेपत नाहीं आणि घरच्यासारखें वावरतांहि येत नाहीं. नातेवाइकांकडे जावें, तर हल्लीं त्यांचींच घरें लहान. म्हणून कोणाचा तरी रिकामा बंगला, किंवा शेतांतल्या घराच्या दोन खोल्या, चार दिवसांपुरत्या भाड्यानें घेण्याची पद्धत वाढत आहे. असें घर मध्यस्थाला वगळून थेट मालकाकडून घ्यावें काय, आणि घेतल्यास दोन्ही पक्षांनीं कोणती काळजी वाहावी, याचा आज विचार करूं.

ही परदेशांतून आलेली नवी टूम आहे असें पुष्कळांना वाटतें. तसें मुळींच नाहीं. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणीं आपले आजेपणजे क्षेत्रोपाध्यायांच्या घरीं उतरत. उपाध्यायाच्या वहींत यजमानाचें गांव आणि त्याच्या पूर्वजांचीं नांवें लिहिलेलीं असत. यजमानानें आपलें आडनांव व गांव सांगावें, उपाध्यायानें वही काढून आजोबांची सही दाखवावी, कीं दोघांचेंहि परकेपण संपलें. पुढें महाबळेश्वर १८२९ सालीं साताऱ्याच्या महाराजांकडून इंग्रजांकडे आलें, १८५० सालीं माथेरानचा डोंगर साहेबाच्या नजरेस पडला, आणि तेथील बंगले हंगामापुरते भाड्यानें देण्याघेण्याची रीत पडली. तेथेंहि व्यवहार चाले तो बहुधा ओळखीवर व शिफारशीवर.

जेथें ओळख नसते तेथें कायदा लागतो. १८६७ सालीं सरायांसंबंधीं एक कायदा झाला. सराय चालविणारानें खोल्या, ओसऱ्या व विहिरी स्वच्छ ठेवाव्या, उतारूंच्या रक्षणासाठीं पुरेसे राखणदार ठेवावे, आणि दरांचें पत्रक सर्वांस दिसेल असें लावावें, हीं कर्तव्यें त्यांत सांगितलीं होतीं. स्वच्छता, सुरक्षितता आणि आधींच जाहीर केलेला दर! दीडशें वर्षें उलटलीं, तरी चांगल्या बिऱ्हाडाची याहून निराळी व्याख्या मला तरी सांपडलेली नाहीं.

आतां आमच्या बारामती व इंदापूर तालुक्यांकडे पाहा. हा कांहीं थंड हवेचा मुलूख नव्हे. तरीहि येथें माणसें येतात. मोरगांवास मयूरेश्वराच्या दर्शनाला येतात. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि भीमेचें पाणी दूरवर पसरलें. त्या पाण्यावर भिगवण, कुंभारगांव या बाजूस हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते पाहावयाचे तर पहांटे पाण्यावर हजर असलें पाहिजे, म्हणजे रात्रीचा मुक्काम ओघानेंच आला. तेथील मच्छीमार कुटुंबें पाहुण्यांना होडींतून पक्षी दाखवितात, आपल्या घरीं माशांचें जेवण घालतात, आणि कोणी कोणी राहावयास खोलीहि देतात. धरणानें ज्यांची जमीन घेतली त्यांना धरणाच्याच पाण्यानें असें चार पैशांचें साधन दिलें. तसेंच, शेतकऱ्याच्या मळ्यांत पाहुण्यांनीं राहावें, गोठा पाहावा, भाकरी खावी, या कृषिपर्यटनाचा एक आरंभीचा प्रयोग २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यांतल्याच पळशीवाडीला झाला.

आणि आमच्या सांगवीसारख्या गांवीं? नीरेच्या कालव्यानें गांव हिरवें केलें, मुलें शिकलीं, पुण्यामुंबईस गेलीं, आणि घराच्या माडीला कुलूप लागलें. खालीं म्हातारा-म्हातारी दोघेंच. बंद खोलीला वाळवी लागते, हें का कोणाला सांगावयास हवें? अशा दोन खोल्या झाडूनपुसून चांगल्या कुटुंबाला अधूनमधून दिल्या, तर औषधपाण्याचा खर्च निघेल आणि घरांत चार दिवस मुलांचा आवाज येईल. तेव्हां हा विषय केवळ शहरांतल्या लोकांच्या चैनीचा नाहीं.

मग अडचण कोठें आहे? ती समजण्यासाठीं अमेरिकेंतली एक हकीकत सांगतों. कोलोरॅडो राज्यांत ब्रेकनरिज नांवाचें बर्फावरच्या खेळांचें गांव आहे. तेथें डेव्हिड क्लाउझ या गृहस्थाचें एक बिऱ्हाड होतें. तें भाड्यानें जावें म्हणून १९९५ सालीं त्यानें इंटरनेटवर एक जाहिरातीचें पान उघडलें, आणि त्याचें नांवच ‘सुटीचीं घरें, मालकांकडून’ अशा अर्थाचें ठेविलें. इतर मालकांनीं वर्गणी भरून तेथें आपल्या घराची जाहिरात द्यावी, पाहुण्यानें मालकाशीं परस्पर बोलावें, असा तो सरळ मार्ग होता. २००६ सालीं एका मोठ्या कंपनीनें तो व्यवसाय विकत घेतला. २०१५ सालीं ती कंपनी त्याहूनहि मोठ्या कंपनीच्या पोटांत गेली. पुढें पाहुण्यांकडूनहि सेवेचें शुल्क घेण्यास आरंभ झाला. पैसे बुडणार नाहींत अशी हमी आम्ही देतों, असें त्याचें कारण सांगितलें गेलें. मध्यस्थाला टाळण्यासाठीं जें निघालें, तेंच अखेरीस मध्यस्थ होऊन बसलें!

आमच्याकडच्या शेतकऱ्याला यांत नवल वाटणार नाहीं. बाजारांतल्या अडत्याची अडत कोणालाच गोड लागत नाहीं. पण अडत्या गिऱ्हाईक आणतो, मालाचें वजन करवितो, पट्टी करून पैसे हातांत देतो. अडत्या टाळावयाचा, तर तराजू आपल्या घरीं असावा लागतो आणि गिऱ्हाइकाची पत आपली आपणच पारखावी लागते. सुटीच्या घराचें तेंच आहे. मध्यस्थाचे पैसे वांचवावे, अवश्य वांचवावे; पण त्याचें काम वांचवितां येत नाहीं. तें पाहुण्यानें व मालकानें आपसांत वांटून घ्यावें लागतें.

न घेतल्यास काय होतें? माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास नोकरीला आहे. त्यानें समुद्रकांठच्या एका गांवांतल्या घराचीं चित्रें मोबाइलवर पाहिलीं, फोनवर गोड बोलणाऱ्या माणसाला निम्मे भाडें आगाऊ पाठविलें, आणि वृद्ध आई व दोन मुलें घेऊन दिवेलागणीला तेथें पोहोंचला. घर होतें, चित्रांत होतें तसेंच होतें. मालकहि होता. पण त्यानें जाहिरात कधीं दिलीच नव्हती! कोणा लबाडानें त्याच्या घराचीं चित्रें उचलून स्वतःच्या नांवावर खपविलीं होतीं. मालक भला, म्हणून त्या रात्रीपुरती ओसरी मिळाली. पैसे गेले ते गेलेच.

म्हणून पाहुण्यानें प्रथम घर व माणूस यांची सांगड तपासावी. व्हिडिओ कॉलवर मालकाला दारापासून परसापर्यंत घर फिरून दाखवावयास सांगावें. खरा मालक कंटाळेल, पण दाखवील. एस.टी. कोठें थांबते, पाणी नळाचें कीं विहिरीचें, शेजारीं कोण राहतें, असे साधे प्रश्न विचारावे. तेथें राहणाऱ्याला उत्तर शोधावें लागत नाहीं. घरपट्टीची पावती किंवा विजेचें बिल पाहण्यास मागावें. गांवांत कोणी ओळखीचें असल्यास त्याला विचारावें.

दुसरी गोष्ट पैशांची. विसार थोडा द्यावा, बाकी रक्कम घरांत पाऊल टाकल्यावर. मोबाइलवरून पैसे पाठवितांना घेणाराचें नांव आधीं दिसतें. तें मालकाच्या नांवाशीं जुळत नसेल तर हात आंखडावा. “आत्तांच भरा, दुसरें गिऱ्हाईक दारांत उभें आहे” अशी घाई जो करितो, त्याला तें दुसरेंच गिऱ्हाईक लखलाभ होवो असें म्हणावें! आणि इतकें करूनहि फसवणूक झालीच, तर लाजेनें गप्प न बसतां १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. तेथें जितक्या लवकर कळवावें तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक.

आतां घरमालकांना दोन शब्द. घर असेल तसेंच दाखवा. शौचालय बाहेर असेल, दुपारीं वीज जात असेल, तर तें आधींच सांगा. सांगितलेली उणीव पाहुणा सोसतो, लपविलेली सोसत नाहीं. पाहुण्यांचीं नांवें, पत्ते व ओळखपत्राची नोंद वहींत ठेवा. पाहुणा परदेशी असेल तर त्याच्या आगमनाची खबर चोवीस तासांच्या आंत सरकारी यंत्रणेस द्यावी लागते. हा उद्योग नेहमींचा करावयाचा असेल तर नोंदणीच करून घ्या. केंद्र सरकारची निवास व न्याहारी योजना एक ते सहा खोल्यांच्या घरांसाठीं आहे, आणि मालकानें सहकुटुंब तेथेंच राहावें अशी तिची अट आहे. शेतकऱ्यांसाठीं राज्य सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण मंजूर केलें. नोंदणीचा कागद भिंतीवर लावला, म्हणजे पाहुण्याच्या निम्म्या शंका दारांतच फिटतात.

परंतु मालकाचें सर्वांत मोठें कर्तव्य याहून निराळें आहे. शहरांतल्या मुलाला विहीर म्हणजे गंमत वाटते, धरणाचें पाणी उथळ वाटतें. कोठें गाळ आहे, कोठें एकाएकीं खोल होतें, समुद्राला ओढ केव्हां असते, हें तेथील माणसालाच ठाऊक. कोणत्याहि जाहिरातींत तें लिहिलेलें नसतें. तेव्हां सूचनेची पाटी लावून मोकळे होऊं नका. पहिल्या संध्याकाळीं पाहुण्यांबरोबर चालत जा आणि बोट दाखवून सांगा : येथपर्यंत, याच्यापुढें नाहीं. जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक देऊन ठेवा. दरवर्षीं सुटींत बुडून मेलेल्या तरुणांच्या बातम्या आपण वाचतों; त्यांतल्या कित्येकांना हें एक वाक्य वेळेवर ऐकावयास मिळालें असतें, तर ते आज असते.

शेवटीं एका अवघड गोष्टीबद्दल बोलतों. ती म्हणजे आपली भीड. तुकोबांची पालखी बारामतीवरून, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत जाते, तेव्हां आमच्या भागांतले लोक वारकऱ्यांना घरांत घेतात, पिठलें-भाकरी वाढतात आणि एक पैसा घेत नाहींत. ज्या ओसरीवर असें अन्न वाढलें, त्याच ओसरीवर पाहुण्याजवळ पैशांची बोलणी करावयास जीभ रेटत नाहीं. “द्या हो, काय द्यायचें तें” असें मालक म्हणतो, आणि निरोपाच्या वेळीं दोघांचींहि तोंडें कडू होतात. भीड भिकेची बहीण, हें आपल्या वाडवडिलांनीं उगीच म्हटलें नाहीं. वारकरी हा वारकरी, भाडेकरी हा भाडेकरी. तारखा कोणत्या, माणसें किती, भाडें किती, जेवण त्यांत धरलें कीं वेगळें, बेत रद्द झाल्यास विसार परत किती, या पांच गोष्टी चार ओळींत लिहून एकमेकांस पाठवाव्या. यानें पाहुणचार उणा होत नाहीं. व्यवहार एकदां लिहून बाजूला ठेवला, म्हणजे मग ताकाचा पेला मोकळ्या मनानें पुढें करितां येतो, आणि तो मोकळ्या मनानें घेतांहि येतो.

असें झालें, कीं त्याच पाहुण्याचा पुढच्या मे महिन्यांत फोन येतो, आणि तो आपल्या शेजाऱ्यालाहि तुमचा पत्ता देतो. उपाध्यायाच्या वहींत पिढ्यांचीं नांवें जमत गेलीं तीं याच रीतीनें. मध्यस्थाला जी हमी विकावी लागते, ती अशा घराला फुकट मिळते.