आधी ध्वनिमुद्रिका, मग कंपनी

प्लेनोची ओळख सांगा म्हटलं तर आपली यादी टोयोटाचं उत्तर अमेरिकेतलं मुख्यालय, फ्रिटो-ले आणि चांगल्या शाळा यांवर आटोपते. संगीताचा विषय निघाला की बोट दक्षिणेकडे वळतं, डॅलसच्या डीप एलमकडे. त्यात चूक काही नाही. 1920 च्या दशकात ब्लाइंड लेमन जेफरसन तिथल्या रस्त्यांवर ब्लूज गायचा. पण 2010 मध्ये आपल्या याच उपनगरात ‘पॉलिफिया’ हा बँड उभा राहिला आणि 2013 मध्ये या पोरांनी ‘इन्स्पायर’ नावाची छोटी ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. पाठीशी कंपनी नव्हती, आणि ध्वनिमुद्रिकेत गाणारा कोणी नव्हता. टिम हेन्सन आणि स्कॉट लपेज यांच्या दोन गिटारी पुढे, बाकी सगळं त्यांच्या मागे.

ध्वनिमुद्रणाच्या दारावर फार काळ कंपनी बसलेली होती. 1902 मध्ये कोलकात्यात गौहरजान गायली, तीही ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला म्हणून. आणि ख्याल तीन मिनिटांत बसवणं गायिकेच्या माथी आलं. कॅसेट आली तेव्हा हे दार किलकिलं झालं. 1982 मध्ये मेटॅलिका या बँडच्या कच्च्या ध्वनिमुद्रणाची कॅसेट हातोहात नकलून पसरली. आपल्याकडे महाराष्ट्रातही भीमगीतं आणि कोळीगीतं कॅसेटवरूनच गल्लोगल्ली गेली.

‘इन्स्पायर’च्या वेळेला कॅसेटचीही गरज उरली नव्हती. गिटारची वायर एका डबीत, डबी संगणकाला, कानात मेट्रोनोमची टिकटिक, एवढ्यावर हल्ली घरच्या खोलीत मुद्रण होतं. या बँडला श्रोते मिळाले ते मात्र यूट्यूबवर. ‘इम्पॅशन’ ही रचना वाजवतानाचा त्यांचा व्हिडिओ गाजला. अशा व्हिडिओत कॅमेरा चेहऱ्यापेक्षा बोटांवर जास्त असतो. डावा हात पट्टीवर कुठे सरकला, कोणतं बोट कोणत्या तारेवर पडलं, हे घरोघरची मुलं थांबवून थांबवून बघतात. अशा श्रोत्यापुढे लपवाछपवी चालत नाही.

आता माझं मत. ‘इन्स्पायर’मध्ये सूर जरा जास्तच आहेत. एक तान संपते न संपते तोच दुसरी धावत येते, ऐकणाऱ्याला दम खायला जागा मिळत नाही. येतं ते सगळं आजच दाखवायचं, हा त्या वयाचा हावरेपणा. (आपल्या संगीत स्पर्धांतही तो भरपूर ऐकू येतो.) तरी दोन गिटारी एकमेकींना धरून चालतात तेव्हा गुणगुणता येईल अशी चाल हाती लागते, आणि पुढचा सगळा बँड तिथे सापडतो. एखादा जाणता निर्माता मध्ये असता तर त्याने निम्मे सूर कापले असते. ध्वनिमुद्रिका नीटनेटकी झाली असती. पण ही मुलं कुठून निघाली, ते आज कळलं नसतं.

पुढची वाट भराभर सांगतो. 2014 मध्ये ‘म्यूज’ हा पूर्ण अल्बमही त्यांनी स्वतःच काढला, कंपनी नंतर आली. 2022 च्या ‘प्लेइंग गॉड’ या रचनेत हेन्सनच्या हातात नायलॉनच्या तारांची गिटार आहे, चाल बोसा नोव्हाच्या अंगाने जाते आणि दोन सुरांमध्ये मोकळी जागा आहे. ही रचना ज्या अल्बममध्ये आहे, त्यात खुद्द गिटारवादक स्टीव्ह वायनेही दुसऱ्या एका रचनेत साथ दिली.

तेव्हा घरी गेल्यावर मुलांना सोबत घेऊन दोन्ही ऐका. पण आधी ‘इन्स्पायर’ आणि मग ‘प्लेइंग गॉड’. हा क्रम उलटा करू नका.