पत्ता सांगणारा कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आमच्या जालन्यात कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. परगावचा पाहुणा चौकात पत्ता विचारतो आणि जो आधी बोलेल त्याचं ऐकून निघतो. सांगणाऱ्यानं चुकून नदीपलीकडे धाडलं, तर उन्हात पायपीट ठरलेली. संगणकांच्या जाळ्यातही असंच घडतं. ही जाळी बसवणं, दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. त्यातलाच एक अनुभव.

जुन्या जालन्यातल्या एका संस्थेत चाळीसेक संगणक आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. सकाळी फोन आला, "सर, निम्मे कॉम्प्युटर बंद पडलेत, लवकर या!" गेलो, तर दारापर्यंत रांग. एका मुलीचे वडील मजुरी बुडवून आले होते. संगणक चालू होते, इंटरनेट तेवढं नव्हतं.

जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता लागतो. तो हातानं भरताना दोन यंत्रांना एकच पत्ता गेला, की भांडण. त्यावर १९९३ साली डीएचसीपी ही पद्धत आली. १९९७ साली तिचे नियम सुधारले. संगणक सुरू होताच हाक मारतो, "मला पत्ता कोण देतं?" सर्व्हर म्हणतो, "हा घे." संगणक म्हणतो, "हाच द्या." मग सर्व्हर ठरावीक मुदतीसाठी तो त्याच्या नावावर करतो आणि बाहेर जायची वाटही सांगतो. सोय मोठी, पण उत्तर देणारा खरा की खोटा, हे संगणक विचारत नाही.

इथे तेच झालं होतं. बिघडलेल्या संगणकावर पत्ता देणाऱ्या सर्व्हरचा आकडा पाहिला, तो आमचा नव्हताच. स्विचच्या नोंदीवरून त्याचं पोर्ट शोधलं आणि वायर धरत एका खोलीत पोहोचलो. टेबलाखाली घरून आणलेला छोटा वाय-फाय राउटर! मोबाइलला रेंज मिळावी म्हणून कुणीतरी भलत्याच भोकात वायर खोचली होती. तो बिचारा सगळ्यांना पत्ते वाटत होता. पण त्याच्याकडून बाहेर जायला वाटच नव्हती. वायर काढली, संगणकांना नवे पत्ते घ्यायला लावले, रांग पुढे सरकली.

हे अज्ञानानं झालं. मुद्दाम करणारा सगळी ये-जा स्वतःच्या यंत्रातून वळवू शकतो, बँकेच्या नावाखाली खोटं पान दाखवू शकतो.

उपाय स्विचमध्येच असतो. त्याला 'डीएचसीपी स्नूपिंग' म्हणतात. खरा सर्व्हर ज्या पोर्टकडून येतो, तेवढंच विश्वासाचं ठरवायचं. बाकी पोर्टवरून पत्ता मागता येतो, देता येत नाही. कुणी दिलाच, तर स्विच ते उत्तर टाकून देतो. कोणत्या पोर्टवर कोणत्या यंत्राला कोणता पत्ता गेला, याची वहीही ठेवतो. मात्र स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये ही सोय नसते. आणि विश्वासाचं पोर्ट नेमायला विसरलात, तर खऱ्या सर्व्हरचंही तोंड बंद होतं. ही चूक मी स्वतः केली आहे.

त्या संध्याकाळी ही सोय सुरू करूनच निघालो. सोय तिथल्या स्विचमध्ये पहिल्यापासून होती. ती सुरू करायला दहा मिनिटं लागली. ती मी आधी दिली असती, तर त्या बापाची अर्ध्या दिवसाची मजुरी वाचली असती.