जोड लावताना

(दहावी १९८८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. संयोजकांच्या आग्रहावरून, बोललो जवळपास तसंच लिहून देत आहे.)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि सांगितलं, "बँकेबद्दल बोलू नको." म्हणून मी ज्या विषयात स्वतःला त्याहून जास्त जाणकार समजत होतो, तो विषय घेतला आहे. मुहम्मद अली आणि माईक टायसन यांची कुस्ती लागली तर कोण जिंकेल?

हसू नका. मागच्या बाकावरच्या मंडळींना आठवत असेल, नववी आणि दहावी अशी दोन वर्षं हा खटला आपल्या वर्गात चालला होता. बॉक्सिंगच्या लढतीला आपण 'कुस्ती'च म्हणायचो, कारण आपल्याला ठाऊक असलेला आखाडा मातीचाच होता. २२ नोव्हेंबर १९८६ ला टायसन जगज्जेता झाला, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. आपण नववीत होतो. नागपूरचा पेपर एस.टी.नं यायचा आणि बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत त्याच्या चिंध्या व्हायच्या. त्यातला टायसनचा फोटो माझ्या बाकमित्रानं कापून भूगोलाच्या वहीत चिकटवला होता. मी अलीच्या बाजूनं. शंकरपटात कोणाची बैलजोडी सरस यावर मोठी माणसं भांडत, तसे आम्ही दोघं मधल्या सुट्टीत भांडायचो.

माझ्या या मित्राचं नाव मी घेणार नाही. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि नाव घेतलं तर उठून जाईल, अशी तंबी त्यानं मला काल रात्रीच दिली आहे.

दहावीत, जानेवारी १९८८ मध्ये, त्यानं मला कोंडीत पकडलं. टायसननं लॅरी होम्सला चौथ्या फेरीत आडवं केलं होतं. होम्सला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत नॉकआऊट करणारा तो एकमेव. आणि याच होम्सनं १९८० मध्ये अलीला हरवलं होतं. माझा मित्र खडू घेऊन फळ्यापाशी गेला. त्यानं लिहिलं : टायसन होम्सपेक्षा मोठा, होम्स अलीपेक्षा मोठा, म्हणून टायसन अलीपेक्षा मोठा. खाली 'हेच सिद्ध करायचे होते' असंही लिहिलं. भूमितीचे सर मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "रीत बरोबर आहे. पण पक्षात काय दिलंय ते तपासलंस का?"

सरांचा तो प्रश्न मला तेव्हा कळला नाही. पुष्कळ वर्षांनी तारखा जुळवून पाहिल्या. अलीचा जन्म जानेवारी १९४२ चा. होम्सशी लढला ऑक्टोबर १९८० मध्ये, म्हणजे अडतिसाव्या वर्षी. दहाव्या फेरीनंतर त्याच्या माणसांनीच लढत थांबवली. होम्सचा जन्म नोव्हेंबर १९४९ चा. टायसनसमोर उभा राहिला तेव्हा तोही अडतीस वर्षांचा. फळ्यावर लिहिलेली माणसं प्रत्यक्ष आखाड्यात नव्हतीच! दोन्ही वेळा एका जवान गड्यानं एका थकलेल्या गड्याला हरवलं होतं. जॉर्ज फोरमनला १९७४ मध्ये किन्शासात आठव्या फेरीत पाडणारा अली आणि १९८० चा अली यांचं नाव एक, पण माणसं दोन.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. तर आपल्याकडचं घ्या. गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को. १९१० मध्ये लंडनला गादीवर त्यांची कुस्ती झाली. अडीच तासांहून जास्त चालली. झिबिस्को बहुतेक वेळ पालथा पडून राहिला आणि गामाला त्याला चीत करता आलं नाही. कुस्ती बरोबरीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचं ठरलं तर झिबिस्को आलाच नाही. मग १९२८ मध्ये पतियाळाला तेच दोघं पुन्हा समोरासमोर आले, या वेळी मातीवर. एक मिनिटाच्या आत गामानं त्याला चीत केलं. दोघंही पन्नाशीला टेकलेले. तेच दोन पैलवान, एकदा अडीच तासांत निकाल नाही आणि एकदा एका मिनिटात निकाल. जमीन बदलली, वर्षं बदलली, निकाल बदलला. जे दोघं खरोखर लढले त्यांचंच जर असं, तर जे कधी भेटलेच नाहीत त्यांचा निकाल आपण कुठून लावणार?

तरी माणसाला राहवत नाही. अमेरिकेत तर हे काम कॉम्प्युटरला दिलं होतं. १९५६ मध्ये एकही लढत न हरता निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो आणि अली यांच्यात कोण जिंकेल, हे यंत्रानं सांगायचं. १९६९ मध्ये दोघांना रिंगमध्ये उतरवून लुटुपुटीच्या सत्तरेक छोट्या फेऱ्या चित्रित केल्या. अलीचं विजेतेपद तेव्हा काढून घेतलेलं होतं आणि त्याला लढू दिलं जात नव्हतं. मार्सियानोनं त्यासाठी वजन उतरवलं, टकलावर केसांचा टोप चढवला. शेवट वेगवेगळे चित्रित करून ठेवले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये चित्रपट थिएटरांत लागला, तेव्हा अमेरिकेत तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला! यंत्र एक, पैलवान तेच, पण प्रेक्षक बदलले तसा निकालही बदलला. आपल्या चहाच्या टपरीवर याहून प्रामाणिक न्याय मिळत होता.

आता महाराष्ट्रातली एक जोड तुमच्यासमोर ठेवतो. मैदानात कुस्तीआधी पंच दोघांचे हात धरून फिरवतात आणि लोक अंगापिंडाकडे पाहून सांगतात, जोड बरोबर आहे की नाही. ही जोड वजनाला तरी अगदी बरोबर आहे. एका हाताला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ ला हेलसिंकीत सत्तावन्न किलोच्या गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्या हाताला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सत्तावन्न किलोतच सुवर्ण, पुढच्या वर्षी एकसष्ट किलोत जागतिक स्पर्धेचं कांस्य. खाशाबांनी हेलसिंकीत कॅनडाच्या मल्लाला हरवलं होतं, राहुलनं अंतिम फेरीत कॅनडाच्याच मल्लाला हरवलं. दोघंही महाराष्ट्र पोलीस दलातले. खाशाबा फौजदार म्हणून लागले आणि बढतीसाठी वर्षानुवर्षं थांबले, राहुलची नेमणूक थेट उपअधीक्षक पदावर झाली.

लावायची कुस्ती? मग आधी सांगा, कुठं लावायची. खाशाबांचं अंग मातीत घडलेलं. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादी त्यांना नवीन होती, तरी सहावे आले. त्यांच्या काळी कुस्ती पंधरा मिनिटांची, आज तीन-तीन मिनिटांचे दोन भाग. हेलसिंकीत जपानच्या इशीशी दमछाक होईपर्यंत लढून झाल्यावर त्यांना पुरती विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत मल्लापुढं उभं राहावं लागलं. त्यांच्या बाजूनं बोलायला तिथं कोणी नव्हतं. आणि हेलसिंकीला पोचायचे पैसे? गावानं वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. राहुलच्या वाट्याला हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्यासारखे वस्ताद आले, गादी आली, प्रतिस्पर्ध्याचे डाव व्हिडिओवर पाहायची सोय आली. पण ऑलिम्पिकला उतरायची संधी आली नाही. एकाला साधनं नव्हती पण ते मैदान मिळालं, दुसऱ्याला साधनं मिळाली पण ते मैदान मिळालं नाही. मग आजच्या गादीवर, आजच्या नियमांनी खाशाबांना उतरवून ते हरले म्हणायचं का? आणि राहुलला १९५२ मध्ये नेऊन, घर गहाण ठेवणारा प्राचार्य न देता, तो हरला म्हणायचं का?

मित्रहो, आता मूळ गोष्टीवर येतो. ती माझ्या अंगावर येणारी आहे.

जून १९८८. आपला दहावीचा निकाल लागला. त्याच महिन्यात टायसननं मायकेल स्पिंक्सला एक्क्याण्णव सेकंदांत पाडलं. मला अडुसष्ट टक्के पडले आणि माझ्या या मित्राला अठ्ठेचाळीस. मी टपरीवर, आठ-दहा पोरांसमोर त्याला म्हणालो, "काय बे टायसन, पहिल्याच फेरीत आडवा झालास ना!" सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर आमची अली-टायसनवर एकदाही चर्चा झाली नाही. तो अकरावीला गेला नाही, मी नागपूरला गेलो.

मला तेव्हा काय काय ठाऊक होतं, ते आज सांगतो. त्या वर्षी त्याचे बाबा आजारी होते, हे ठाऊक होतं. रोवणीच्या दिवसांत तो पहाटेपासून बांधीत असायचा आणि तिसऱ्या तासाला चिखलाचे पाय धुऊन वर्गात यायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्याकडे इंग्रजीचं पुस्तक नव्हतं, तो माझं पुस्तक संध्याकाळी न्यायचा आणि सकाळी आणून द्यायचा. त्याच्या घरी वीज नव्हती. माझे वडील सरकारी नोकरीत होते, माझ्या टेबलावर दिवा होता आणि शिकवणीला मास्तर होते. हे सगळं माहीत असूनही मी जोड लावली आणि निकालही जाहीर केला.

या मेळाव्यासाठी दोन महिन्यांपूर्वी मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मले कायले बोलावता? तुमच्यासंगं माझी जोड लागत नाही." पस्तीस वर्षांनी तोच शब्द ऐकून मला काय वाटलं असेल, ते सांगत नाही. मी शनिवारी गाडी काढून त्याच्या शेतावर गेलो.

त्यानं मला आंबील पाजली आणि बांधीवर नेलं. मधली बरीच वर्षं त्यानं इथल्या भात संशोधन केंद्राच्या शेतावर हंगामी मजुरी केली आहे. मी बोलायला सुरुवात केली, खाशाबा झाले, गामा झाला, अडतीस वर्षांचा हिशोब झाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एवढं पुस्तकात पाहाले काहून गेला बे? केंद्रावर दोन वाणांची बरोबरी करतात तं एकाच बांधीत, एकाच दिवशी, एकाच पाण्यावर रोवतात. एक तळ्याखाली न् एक टेकडावर रोवला, तं धान मोजू नये."

भूमितीच्या सरांनी जानेवारी १९८८ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते हेच होतं. मला ते पस्तीस वर्षांत इतक्या थोडक्यात मांडता आलं नाही.

आज या सभागृहात डॉक्टर आहेत, तालुक्याला दुकान चालवणारे आहेत, अंगणवाडी सांभाळणाऱ्या आहेत, ड्रायव्हर आहेत, शेतकरी आहेत. ओळखपरेड सुरू झाली की मनातल्या मनात जोडी लागतात, सकाळपासून मी त्या लागताना पाहतो आहे. माझ्याही मनात लागल्या. काही मित्र आजही आले नाहीत, आणि त्यांतले दोघं-तिघं याच भीतीनं आले नाहीत हे मला नक्की माहीत आहे. त्यांच्या गावी जायचं काम आपल्यापैकी कोणीतरी घ्यावं. एक गाव मी घेतो.

आणि तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मित्रा, टपरीवर जे बोललो ते चार लोकांत बोललो होतो, म्हणून माफीही चार लोकांत मागतो. त्या निकालाला मी पंच होण्याच्या लायकीचा नव्हतो.

अली आणि टायसनचं मात्र वेगळं आहे. दोघंही जवान, दोघंही ताजेतवाने आणि एकाच बांधीत असतील, तर अलीच जिंकेल. तुझं काय म्हणणं असेल ते रात्री जेवताना ऐकतो.