जर्मनींतील माझे रविवार

जर्मनींत शिकावयास जाणाऱ्या मुलांना सर्वांत अधिक त्रास कशाचा होतो, असें येथें कोणास विचारलें तर कोणी थंडीचें नांव घेतात, कोणी जेवणाचें. मला विचाराल तर मी रविवारचें नांव घेईन. त्या देशांत रविवारीं दुकानें कायद्यानेंच बंद असतात. स्टेशनांतील थोडीं दुकानें, उपाहारगृहें आणि सकाळचे दोनतीन तास पाववाला, एवढाच काय तो अपवाद. रस्त्यांवर सामसूम असते. घरांतहि ठोकाठोक करूं नये असा दंडक आहे. ज्याच्या घरीं चार माणसें आहेत त्याला ही शांतता सुखाची वाटत असेल. परंतु वसतिगृहाच्या बारा चौरस मीटरच्या खोलींत एकट्याच बसलेल्या परक्या मुलीला शनिवारीं संध्याकाळीं दुकानदाराशीं बोललेले दोन शब्द सोमवारपर्यंत पुरवावे लागतात. पुण्यामुंबईस वाढलेल्या माणसाला हें सांगून कळणें कठीण आहे. आपल्याकडे एकांत मिळवावा लागतो. तिकडे तो न बोलावतां येऊन बसतो.

श्रोतेहो, २०२३ च्या ऑक्टोबरांत मी पुण्याहून ग्योटिंगेन या गांवीं वनशास्त्राच्या अभ्यासाकरितां गेलें आणि तेथें दोन वर्षें राहिलें. ग्योटिंगेनचें नांव पुणेकरांस अगदींच परकें नसावें. डेक्कन कॉलेजांत १८६६ पासून १८८१ पर्यंत संस्कृत शिकविणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुढें तेथें प्राध्यापक झाले व १९०८ सालीं तेथेंच वारले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ सालीं सन्मान्य डॉक्टरेट दिली तीहि त्याच विद्यापीठानें. इतका ऋणानुबंध असलेल्या गांवीं जाऊनहि माझे पहिले पांच महिने जवळजवळ मौनांत गेले. जर्मन मला येत नव्हतें असें नाहीं. पुण्यास तीन वर्षें शिकून, परीक्षा देऊन मी गेलें होतें. वाक्य मनांत तयार होई, त्यांतील लिंग, वचन, विभक्ति तपासून होई, आणि तोंवर बोलणाऱ्यांचा विषय दुसरीकडे निघून गेलेला असे. वर्गांत इंग्रजी चाले म्हणून निभावलें. वर्गाबाहेर पाऊल टाकलें कीं मी मुकी. हळूहळू वर्गांतहि प्रश्न विचारण्याची संवय सुटत चालली. फेब्रुवारींत मीं परतीच्या विमानाचें भाडें दोनदां पाहून ठेवलें होतें. घरीं हें अद्याप कोणास ठाऊक नाहीं. आज नभोवाणीवरूनच कळेल.

यांतून मला बाहेर काढलें तें एका तिकिटानें. १ मे २०२३ पासून जर्मनींत एक मासिक तिकीट निघालें आहे. त्यावर देशभरच्या साध्या गाड्या, ट्राम, बसगाड्या आणि भुयारी रेल्वे यांतून महिनाभर वाटेल तेथें जावें. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या तेवढ्या वर्ज्य. आरंभीं त्याची किंमत ४९ युरो होती, २०२५ मध्यें ५८ झाली, आणि पुढेंहि वाढली. मी गेलें त्या वेळीं विद्यार्थ्याच्या खर्चाचा सरकारी हिशेब महिन्याला ९३४ युरो धरीत, आणि तेवढी वर्षाची रक्कम व्हिसापूर्वीं बँकेंत गुंतवून ठेवावी लागे. त्या हिशेबांत हें तिकीट बसण्यासारखें होतें. मार्चांत मीं तें घेतलें, आणि एका शनिवारीं दुपारीं पाठीवर पिशवी टाकून हॅम्बुर्गच्या वाटेस लागलें.

साध्या गाडीनें हॅम्बुर्ग चारएक तासांवर आहे व युल्त्सेन येथें गाडी बदलावी लागते. तें स्टेशन हुंडर्टवासर या ऑस्ट्रियन कलावंताच्या कल्पनेनें सजविलेलें आहे. गोल गोल रंगीत खांब, कोठें सरळ रेषा म्हणून नाहीं. मी तें पाहत असतां ध्वनिक्षेपकावरून कांहीं सूचना झाली आणि फलाटावरचे लोक इकडेतिकडे पाहूं लागले. मला तींतलें एक अक्षर कळलें नाहीं. शेजारीं एक वृद्ध बाई उभ्या होत्या. त्यांना विचारण्याचें वाक्य मी मनांत जुळवीत होतें, इतक्यांत त्यांनींच माझ्याकडे वळून म्हटलें, "काय म्हणाले हो ते? तुम्हांला कांहीं कळलें का?" जन्मभर जर्मन बोललेली बाई, आणि ती मला विचारीत होती! "नाहीं बाई, मलाहि नाहीं कळलें," हें वाक्य विभक्ति न तपासतांच माझ्या तोंडून बाहेर पडलें. मग आम्ही दोघी मिळून तिसऱ्याला विचारावयास गेलों.

हॅम्बुर्गच्या अल्टोना भागांत एल्बे नदीच्या कांठीं १७०३ सालापासून दर रविवारीं पहाटे मासळीबाजार भरतो. लोकांना चर्चमध्यें वेळेवर जातां यावें म्हणून तो सकाळींच उठावा, असा जुना नियम. आजहि नऊदहाच्या सुमारास तो संपतो. रविवारीं जर्मनींत माणसाचा आवाज ऐकावयाचा असेल तर तेथें जावें. मासळीवाले आणि फळवाले आपापल्या गाड्यांवर उभे राहून घसा फुटेपर्यंत ओरडत असतात. एकजण मोठ्या टोपलींत अननस, केळीं, द्राक्षें कोंबीत होता आणि दर फळागणिक गर्दीला टोमणे मारीत होता. क्षणभर मला वाटलें, आपण मंडईंतच आलों. मीं टोपलीचा भाव विचारला. त्यानें सांगितला. मीं "महाग आहे" म्हटलें. तो म्हणाला, "मग तुम्ही उभ्या कां?" मीं त्याला द्राक्षें मऊ पडलीं आहेत हें दाखविलें. तीनचार वाक्यें त्याचीं, तीनचार माझीं, आणि शेवटीं आणखी एक केळ्याचा घड टोपलींत येऊन पडला. जर्मन भाषेंतलें माझें तें पहिलें भांडण. पुण्याच्या मुलीची जीभ भाव करतांना मोकळी व्हावी, यांत नवल तें काय?

त्यानंतर महिन्यांतून दोन रविवार तरी मी बाहेर काढीत असें, आणि एक गोष्ट ध्यानांत येऊं लागली. मी ज्या "शुद्ध" जर्मन भाषेच्या धाकानें गप्प बसत होतें ती सगळ्या देशांत कोठेंच नांदत नाहीं. हॅम्बुर्गला सकाळ, दुपार, रात्र केव्हांहि भेटा, लोक "मोइन" म्हणतात. म्यूनिकला तेंच "ग्र्यूस गॉट" होतें, म्हणजे आपला रामराम. न्याहारीचा छोटा पाव उत्तरेंत "ब्र्योट्शेन", बर्लिनमध्यें "श्रिप्पे", बव्हेरियांत "झेमेल". आंत मुरंबा भरून तळलेला जो गोड गोळा असतो, त्याला बाहेरचे बरेच लोक "बर्लिनर" म्हणतात. प्रत्यक्ष बर्लिनमध्यें त्याला "फानकूखेन" म्हणतात, आणि इतरत्र फानकूखेन मागितला तर घावन पुढें येतें. म्यूनिकच्या एका दुकानांत माझ्या पुढें उभ्या असलेल्या उत्तरेकडील गृहस्थांना पाव मागतांना दुकानदारीणबाईंनीं त्यांचा शब्द बदलून दिला. ते बिचारे कान लाल करून उभे राहिले. मीं मागून "झेमेल" मागितला व तो निमूट मिळाला.

लाइप्झिक मला सर्वांत अधिक आवडलें. सेंट टॉमस चर्चमध्यें बाख १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, संगीताचा प्रमुख होता. तेथून थोड्याच अंतरावर निकोलाय चर्च आहे. तेथील सोमवारच्या प्रार्थनेनंतर ९ ऑक्टोबर १९८९ रोजीं सुमारें सत्तर हजार लोक शहराच्या वळणरस्त्यावरून चालत गेले. गोळीबार होईल अशी भीति होती, ती खरी ठरली नाहीं. आणि महिनाभरांत बर्लिनची भिंत उघडली. चर्चमध्यें मीं पुढल्या वाद्यवादनाची वेळ विचारली, तेव्हां एका कार्यकर्त्या बाईंनीं सांगितलें, "फिर्टेल द्राय." शब्दशः अर्थ "पाव तीन". ग्योटिंगेनकडे कोणी असें म्हणत नाहीं. तिकडे "दोनवर पाव" म्हणतात. मीं क्षणभर विचार केला आणि मला हंसूं आलें. तिसऱ्या तासाचा पाव भाग झाला म्हणजे सव्वादोन. अर्धा झाला म्हणजे "हाल्प द्राय", आपले अडीच. आपला अडीच हा शब्द तरी कोठून आला? संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा, यापासून. जर्मन माणूस नेमकें तेंच म्हणतो. इंग्रजींतून जर्मन शिकणाऱ्याला हें उलटें वाटतें. मराठी मुलाला तें आजोबांच्या घड्याळांतलें आहे. एकवीस म्हणतांना आपण एक आधीं व वीस मागून म्हणतों, तेहि तसेंच म्हणतात. तो, ती, तें हीं तीन लिंगें आपल्याकडेहि आहेत, आणि तूं व आपण यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाहीं. मी पांच महिने ज्या भाषेला परकी म्हणून भ्यालें, तिची चाल माझ्या घरच्या भाषेच्या इतकी जवळची होती.

सर्वत्र असेंच सुखाचें झालें असें सांगेन तर चित्र खोटें होईल. एका शहरांत ट्राममध्यें एका गृहस्थानें माझ्याकडे पाहून मोठ्यानें, "आपल्या देशांत परत जा," म्हटलें. शहराचें नांव सांगत नाहीं. असा माणूस कोठेंहि भेटूं शकतो. डब्यांतलीं बाकीचीं माणसें खिडकीबाहेर पाहूं लागलीं. मी पुढच्या थांब्यावर उतरलें. हात कांपत होते. अर्धा तास नदीकांठीं बसलें आणि मग तेंच शहर पाहावयास निघालें, कारण परतीची गाडी संध्याकाळची होती. त्या दिवशीं पाहिलेल्या संग्रहालयांतलें मला आज कांहींएक आठवत नाहीं.

बर्लिनला मी एका विशिष्ट इमारतीसाठीं गेलें. दालेम भागांत, ईने रस्त्यावर, १९२७ सालीं स्थापन झालेल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेचें जुनें घर आहे. १९३० च्या सुमारास आपल्या इरावतीबाई कर्वे बर्लिन विद्यापीठांत डॉक्टरेट करीत होत्या, त्या या संस्थेचे प्रमुख यूगेन फिशर यांच्या हाताखालीं. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा त्यांचा विषय. त्या असमानतेचा वंशाशीं संबंध जोडून युरोपियनांचें श्रेष्ठत्व सिद्ध व्हावें, ही गुरूंची धारणा. बाईंनीं कवट्या मोजल्या, त्या धारणेस मोजमापांतून आधार सांपडला नाहीं, आणि तसेंच त्यांनीं प्रबंधांत लिहिलें. पुढें नाझी राजवटींत या संस्थेनें शास्त्राच्या नांवाखालीं जें केलें त्याची आठवण देणारा फलक आज त्या घरावर लावलेला आहे; आंत आतां फ्री विद्यापीठाचे वर्ग भरतात. मी फलक वाचून बराच वेळ दारासमोर उभी होतें. त्या काळीं बाईंना ना आठवड्याचा फोन, ना अवतीभंवतीं मराठी मंडळी. आणि निष्कर्ष विरुद्ध आला तो कोणाच्या? ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून त्यांच्याच.

त्याच आठवड्यांत चर्चावर्गांत बीच वृक्षांच्या वाढीचे आंकडे कोणी मांडीत होतें. निष्कर्ष मोठा होता. मीं हात वर करून विचारलें, "हीं मापें किती झाडांवरून घेतलीं?" झाडें थोडीं होतीं. पाऊण तास त्याच मुद्द्यावर चर्चा चालली. एरवीं क्षुल्लक गोष्ट. पण ऑक्टोबरपासून वर्गांत माझा आवाज तो पहिलाच.

बाकीच्या शहरांविषयीं थोडक्यांत. कोलोनचें भव्य चर्च १२४८ सालीं सुरू होऊन १८८० सालीं पुरें झालें. त्याच्या दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढल्यावर दुसऱ्या दिवशीं ग्रंथालयांत बसणेंहि कठीण होतें. श्टुटगार्ट हें १९६८ पासून मुंबईचें भगिनीशहर. तेथल्या लोकांची बोली कानांना गोड लागते आणि अर्धी समजते. म्यूनिकच्या नगरगृहावरील घड्याळांतील बाहुल्या अकरा वाजतां नाचतात तेव्हां खालची गर्दी माना वर करून उभी असते. मीं बाहुल्यांपेक्षां गर्दीच अधिक पाहिली.

दुसऱ्या वर्षीं आमच्या पांचजणांच्या अभ्यासगटांत ड्रेस्डेनकडच्या एका मुलानें पुढल्या बैठकीची वेळ "फिर्टेल द्राय" अशी कळविली. ब्रेमेनची मुलगी म्हणाली, म्हणजे पावणेतीन. तो म्हणाला, छे. दोघेहि जर्मन, दोघेहि हट्टी. तेव्हां मीं फळ्यावर घड्याळाची तबकडी काढून तिसऱ्या तासाचे चार पाव पाडून दाखविले, आणि मग अर्धतृतीय व अडीच यांची वंशावळ सांगूं लागलें. बोलत होतें तें जर्मनच. पण त्यांतल्या कोणत्या शब्दाचें लिंग काय, याकडे माझें लक्ष नव्हतें. ब्रेमेनच्या मुलीला अडीच हा शब्द इतका आवडला कीं पुढें आमच्या बैठका त्याच वेळेला ठरूं लागल्या.

ज्यांचीं मुलेंमुली सध्यां तिकडे आहेत अशा आईवडिलांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतें. रविवारीं दुपारीं फोन लागला नाहीं तर घाबरून जाऊं नये. साध्या गाड्या शेतांतून आणि बीचच्या रानांतून जातात. तेथें फोन पुष्कळदां चालत नाहीं. आपल्या घड्याळाप्रमाणें रात्रीं साडेअकराच्या सुमारास पुन्हां लावून पाहावा. तेव्हां तिकडे संध्याकाळ असते, आणि गाडी मोठ्या गांवाला लागलेली असते.