दासोह : देणाऱ्याचा लाभ



परोपकाराचे गुणगान आपल्या भाषेत पुष्कळ झाले आहे. घेणाऱ्याला त्यापासून काय मिळते, हे सांगावयास नको. भुकेल्याला अन्न मिळते, अडलेल्याला आधार मिळतो. परंतु देणाऱ्याला काय मिळते, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा ‘पुण्य’ या एका शब्दात देऊन मोकळे होतो. पुण्याचा हिशेब परलोकात व्हावयाचा. इहलोकात, त्याच दिवशी, देणाऱ्याच्या पदरात काही पडते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हुबळी-धारवाडात हा विषय निघाला की एक शब्द आपसूक पुढे येतो. तो म्हणजे ‘दासोह’. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांनी आणि त्यांच्या सहकारी शरणांनी कायक व दासोह ही दोन तत्त्वे सांगितली. प्रामाणिक श्रम म्हणजे कायक आणि त्या श्रमाचे फळ समाजाबरोबर वाटून घेणे म्हणजे दासोह. हुबळीच्या सिद्धारूढ मठात पंगतीला बसलेल्या मराठी माणसालाही हा शब्द परका राहिलेला नाही. मात्र अन्नदान एवढाच त्याचा अर्थ घेतला तर मर्म निसटते. ‘दासोऽहम्’, मी सेवक आहे, असे येथे देणाऱ्याने म्हणावयाचे असते. ‘दाता’ म्हटले की तो उंचावर उभा दिसतो आणि घेणाऱ्याचा हात खाली. दासोहात देणाराच खाली उतरतो. देणाऱ्याच्या लाभाचे रहस्य या उतरण्यात आहे.

याच परिसरात रुजलेली दुसरी चाल वार लावून जेवण्याची. कन्नडमध्ये तिला ‘वारान्न’ म्हणतात. धारवाड हे विद्येचे गाव. १९१७ साली तेथे कर्नाटक कॉलेज निघाले. खेड्यापाड्यांतून शिकावयास आलेला गरीब मुलगा सात घरी सात वार लावून घेई. यजमानाच्या दृष्टीने हिशेब अगदी लहान होता. आठवड्यातून एक पान जास्त! एवढ्या लहान कृतीवर एका मुलाचे शिक्षण उभे राही आणि कोणा एका घरावर भार पडत नसे. ज्या घरी त्याचे पान घरच्या मुलांशेजारी मांडले जाई, त्याच्या परीक्षेची चौकशी होई, त्या घराला एक नवे नाते मिळे. ज्या घरी त्याला सर्वांमागून, कोपऱ्यात वाढले जाई, तेथे अन्न खर्ची पडे आणि बदल्यात काहीच येत नसे. अन्न दोन्हीकडे सारखेच. देणाऱ्याने स्वतःस कोठे उभे केले, एवढाच काय तो फरक.

शिवाय या चालीभोवती जातीची कुंपणे होती, हे विसरून चालणार नाही. ती ओलांडण्याचे मोठे काम साताऱ्यास झाले. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली तेथे वसतिगृह काढले आणि सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू-जेवू लागली. जुन्या वळणाच्या लक्ष्मीबाई त्या मुलांच्या आई झाल्या. कोठीतले धान्य संपले तेव्हा एकेक दागिना देता देता त्यांनी मंगळसूत्रही दिले. दागिन्यांबरोबर सोवळ्या-ओवळ्याचे ओझेही उतरले, ही त्यांची मिळकत लहान म्हणता येणार नाही.

देणे हे देणाऱ्याचा जीवही वाचवू शकते, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल दारूतून नुकताच सुटला होता. कित्येक महिने तो इतर मद्यपींना सावरू पाहत होता. एकही सावरला नाही. परंतु या खटपटीत तो स्वतः मात्र दारूपासून दूर राहिला, हे त्याच्या पत्नीने त्याच्या ध्यानात आणून दिले. १९३५ साली अ‍ॅक्रन गावी व्यवहार फसला, हॉटेलातला बार खुणावू लागला. तेव्हा स्वतःला वाचविण्यासाठी त्याने दुसरा मद्यपी शोधला. तो भेटला डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाच्या रूपाने. या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ जन्मली. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातही, एकेकाळी रुग्ण म्हणून आलेली अनेक माणसे पुढे कार्यकर्ते झाली. नव्या रुग्णाशेजारी बसताना ती उपदेशकाच्या आसनावर नसतात. तीही त्याच वाटेची प्रवासी असतात. त्याला धीर देता देता त्यांचा स्वतःचा निश्चय रोज नव्याने पक्का होतो.

शास्त्रज्ञांनीही या प्रश्नाकडे लक्ष दिले आहे. एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कॅनडातील काही जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देऊन ते संध्याकाळपर्यंत खर्च करावयास सांगितले; काहींनी स्वतःवर, काहींनी दुसऱ्यासाठी. दुसऱ्यासाठी खर्च केलेली माणसे अधिक आनंदी आढळली, आणि रक्कम पाच की वीस, याने फरक पडला नाही. इतरांना आधी अंदाज विचारला तेव्हा बहुतेकांनी उलटेच सांगितले. प्रयोग लहान होता, हे खरे. तरी आपल्या सुखाविषयीचे आपलेच अंदाज किती चुकतात, हे त्यातून दिसते.

येथे एक आक्षेप संभवतो. लाभ मिळतो म्हणून दिले, तर तो व्यापार झाला नाही काय? आक्षेप रास्त आहे. परंतु हा लाभ असा विलक्षण की, त्याच्यावर डोळा ठेवताच तो नाहीसा होतो. उपकाराची नोंद ठेवणाऱ्याला वसुलीची चिंता लागते, कृतघ्नतेचे शल्य टोचते. स्वतःचा विसर पडणे हाच मुळी लाभ असेल, तर हिशेब मांडणाऱ्याला तो मिळावा कसा?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांना हे नव्याने सांगावयास नको. पणजीत १९०८ साली, पोर्तुगीज अमदानीत, घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा करून मराठी शिक्षणासाठी ‘मुष्टिफंड’ उभा राहिला. मुठीने कोणाची कोठी रिकामी झाली नाही. पण मूठ देणारे प्रत्येक घर त्या शाळेचे धनी झाले. शतायुषी ग्रंथालयही अशाच मुठींवर उभे असते. आजारी सभासदाच्या घरी पुस्तक पोहोचविणे, दृष्टी मंदावलेल्या वाचकाला तासभर वाचून दाखविणे, बुजऱ्या मुलाला पहिले पुस्तक निवडून देणे, ही कामे कोणत्याही अहवालात येत नाहीत. ती करणारा मात्र, स्वतःच्या नकळत, थोडा मोठा होऊन घरी परततो. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाला अशा नकळत मोठ्या होणाऱ्या माणसांची सोबत लाभो, ही सदिच्छा.