नाश्ता करणारीचा नाश्ता
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सकाळी सहा ते आठ या वेळात आपल्या घरांत काय धांदल असते, हे मी सांगायला नको. मुलांचे डबे, आजोबांचा चहा, कुणाची आठ-पाचची गाडी. या गडबडीत सगळ्यांना खाऊ घालणारी बाई स्वतः मात्र चहात दोन बिस्किटं बुडवून मोकळी होते. पुढं चाळिशी-पन्नाशीत साखर किंवा कोलेस्टेरॉल वाढलं की डॉक्टर सांगतात, ‘सकाळी नीट खा, ओट्स खा.’ मग घरात तीन मिनिटांत होणारं मसाला ओट्सचं पाकीट येतं. त्यात मीठ किती आणि साखर किती, हे पाकिटामागं छापलेलं असतं. ते जरूर वाचा.

ओट म्हणजे जई. आपल्या देशात ती मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरली जाते. तिच्या दाण्यात बीटा-ग्लुकन नावाचा, पाण्यात विरघळणारा तंतू असतो. रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं, तर वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये हा दावा मान्य केला. चाळीस ग्रॅम कोरड्या ओट्समधून त्यातलं निम्मं किंवा थोडं अधिक मिळतं.

बाजारात ओट्स तीन रूपांत मिळतात : दाण्याचे जाड तुकडे, म्हणजे स्टील कट, वाफवून चपटे केलेले रोल्ड, आणि अगदी पातळ, झटपट शिजणारे. दाणा जितका जाड, तितका तो पचायला वेळ घेतो आणि रक्तातली साखर सावकाश वाढते. पण जाड दाणा शिजायलाही वेळ घेतो. सकाळी पाऊण तास ढवळत कोण उभं राहणार?

इथं स्लो कुकर उपयोगी पडतो. चिनी मातीचं भांडं आणि त्याभोवती मंद तापणारी विजेची तार, एवढीच त्याची रचना. अमेरिकेत १९७१ पासून ‘क्रॉक-पॉट’ या नावानं तो घरोघरी गेला. आता आपल्याकडेही मिळतो.

चौघांसाठी एक वाटी स्टील कट ओट्स, चार वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ घ्या. थेट कुकरमध्ये घातले तर कडेनं करपतात. म्हणून आतून तुपाचा हात लावलेल्या स्टीलच्या भांड्यात ते घाला. हे भांडं कुकरमध्ये ठेवून बाहेरून अर्ध्यापर्यंत पाणी ओता. रात्री दहाला मंद आचेवर लावलं की सकाळी सहाला तयार. रोल्ड ओट्स रात्रभर ठेवू नका, त्यांची खळ होते. त्यांना दोन तास पुरतात. दूध सकाळीच घाला. गोडीसाठी केळं किंवा दोन खजूर, वर अक्रोड आणि वेलची. मधुमेह असेल तर केळं-खजूर बेतानंच, आणि गूळही साखरेतच मोजा. तिखट हवं तर दूध न घालता जिरं-कढीपत्त्याची फोडणी द्या आणि ताक घाला. रात्री बराच वेळ वीज गेलेली असली, तर कोमट राहिलेलं ते अन्न खाऊ नका.

स्लो कुकर नसेल तर ओट्स रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी भातासारखे प्रेशर कुकरमध्ये लावा. ओट्स महाग वाटत असतील तर ज्वारीच्या कण्या आहेतच. बीटा-ग्लुकन ही जई आणि जवाची खासियत खरी. पण कण्याही जाड भरडलेल्या धान्याच्याच, आणि त्याही रात्रभर मंद शिजून छान मऊ होतात.

एवढं मात्र करा. सकाळी झाकण उघडलं की पहिली वाटी जिनं रात्री भांडं लावलं, तिला द्या. आणि तिनंही ती बसून खावी, ओट्यापाशी उभ्यानं नव्हे.