म्यानासाठी कातडं निवडताना

(विद्यार्थी अभ्यासमंडळात केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणाले, "सुरीचं म्यान." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "म्हणजे हिंसेच्या संदर्भात का?" नाही. म्यानाच्याच संदर्भात. हाताने म्यान शिवायचं असेल तर कुठलं कातडं घ्यावं, एवढंच सांगायला आले आहे. माझा प्रबंध चामड्याच्या धंद्यातलं ज्ञान आणि जात यांवर आहे. पण त्या विषयातलं मला जे सगळ्यात नीट कळलं, ते ग्रंथालयात कळलं नाही. एका फसलेल्या म्यानामुळे कळलं.

वसतिगृहात माझा एक मित्र होता, उत्तराखंडचा, सुट्टी मिळाली की डोंगरात जाणारा. त्याच्याकडे गावाकडे घडवलेली एक सुरी होती. साधं कार्बन स्टील, वीतभर पातं. जुनं म्यान फाटलं होतं. तो म्हणाला, "तू चामड्यावर काम करतेस ना, मग एक शिवून दे की." त्याने सहज म्हटलं. मी मात्र दचकले. तोवर दोन वर्षं मी सगळ्यांना "वडिलांचा छोटा व्यवसाय आहे" एवढंच सांगत आले होते. तुमच्यापैकी किती जणांनी हे वाक्य वापरलंय, हात वर करायला सांगत नाही.

मी हो म्हटलं. बाजारातून कातडं आणलं. मऊ, चकचकीत, गडद तांबूस, हातात घेतलं की छान वाटणारं. दोन सुया घेऊन शिवलंही बरं. वेणी घालायला लहानपणापासून बसत होते, त्यामुळे बोटांना सवय होती. पावसाळ्यात तो ट्रेकला गेला, निसरड्यावर बसला आणि सुरीचं टोक म्यानातून बाहेर येऊन मांडीत गेलं. चार टाके पडले. सुरी बाहेर काढली तर पात्यावर गंजाचे ठिपके. त्याने मला दोष दिला नाही. मीच रात्री घरी फोन केला.

अण्णांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "कापल्यावर कडेला आतनं कसला रंग दिसला?"

"निळसर. राखाडी म्हणा."

"मग ते क्रोम गं. बुटाच्या वरच्या अंगाला चालतंय, पाकिटाला चालतंय. सुरीला कुणी घालतंय व्हय?" मग थोडं थांबून, "एम.ए. झालीस न्हवं?"

आता ते का चालत नाही ते सांगते. ओलं कातडं कुजतं. नुसतं वाळवलं तर पत्र्यासारखं होतं, आणि भिजलं की पुन्हा कुजायला लागतं. कमावणं म्हणजे कातड्यातल्या तंतूंना एखाद्या पदार्थाने असं बांधणं की ते कुजू नयेत. कोल्हापूरकडे हा पदार्थ बाभळीच्या सालीतून आणि हिरड्यातून घेतात. तमिळनाडूत तरवडाच्या सालीतून घेत. सालीतलं टॅनिन तंतूंच्या मधल्या जागेत भरून बसतं, म्हणून कातडं भरीव आणि ताठ होतं. त्याला आठवडे लागतात. क्रोममध्ये क्रोमियमचे क्षार वापरतात. ते थोड्या प्रमाणात लागतात, तंतूंना घट्ट धरतात आणि मधली जागा मोकळी सोडतात. कातडं मऊ, लवचीक होतं, आणि काम एक-दोन दिवसांत उरकतं. जगातलं बहुतेक चामडं आज असंच कमावतात. वेल्लोर भागातल्या चामडं कारखान्यांच्या सांडपाण्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आहे, कायदा शिकणाऱ्यांनी तो वाचलाच असेल. पालार नदीकाठच्या लोकांना हा स्वस्त आणि झटपट मालाचा हिशेब वेगळ्या बाजूने माहीत आहे.

म्यानाला मऊपणा नको असतो. सालीत कमावलेलं कातडं कोमट पाण्यात भिजवलं की हात म्हणेल तसं वळतं. सुरीला तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिच्याभोवती ते दाबायचं, बोटांनी मुठीजवळची वळणं बसवायची आणि सावलीत वाळू द्यायचं. उन्हात किंवा विस्तवाजवळ ठेवलं तर ते आखडतं, ठिसूळ होतं. वाळलं की तो आकार कायम राहतो आणि सुरी तिथे अडकून बसते. क्रोम कितीही भिजवा, वाळलं की पुन्हा लुळं. माझ्या मित्राची सुरी म्यानात हलत होती, आणि हलणारं पातं आतून शिवण कापत राहतं. त्यात मी आणखी एक चूक केली होती. दोन बाजूंच्या मधे, शिवणीच्या कडेने, कातड्याची एक जाड पट्टी घालावी लागते. धार त्या पट्टीला टेकते, दोऱ्याला टेकत नाही. मी ती घातलीच नव्हती.

कातडं घेताना पाठीचं मागा. पोटाकडचं ताणतं, सैल असतं, स्वस्तात मिळतं म्हणून गळ्यात मारतात. जाडी साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटर. भाजीच्या सुरीसारखी लहान असेल तर अडीच पुरे. म्हशीचं कातडं जाड असतं, चपलेच्या तळाला उत्तम, पण त्याचे तंतू जरा मोकळे आणि पृष्ठ खरबरीत. म्यानाला ते चालतं, पण पातळ करून घ्यावं लागतं आणि नक्षी तितकी उठत नाही. शेवटी मेण चोळा. तेल बेताने, कारण तेल जास्त झालं की इतक्या कष्टाने आणलेला ताठपणा जातो.

आणि गंज? तो नुसत्या क्रोमच्या माथी मारता येणार नाही. ओलावा धरणारं कुठलंही कातडं लोखंडाला वाईट. सालीच्या कातड्यातलं टॅनिनही ओल्या लोखंडाशी मिळून काळे डाग पाडतं. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते, तोच हा प्रकार. म्हणून सुरी कामावर नेताना म्यानात, घरी आल्यावर बाहेर, पुसून. (हिरड्यात हात बुडालेल्या माणसांना शाईपासून किती शतकं लांब ठेवलं, हे इथे बसलेल्यांना मी वेगळं सांगत नाही.)

इथपर्यंतचं अण्णांनी फोनवर सांगितलं. पण कातडं आमच्या घरात तयार होत नव्हतं. आम्ही चांभार, चपला करणारे. कातडं यायचं ढोर वस्तीतून. म्हणून प्रबंधाच्या कामासाठी फिरताना मी त्या वस्तीत गेले. तिथल्या एका आजींनी मला अख्खी रीत सांगितली. आधी चुन्याच्या पाण्यात मुरवणं, मग केस काढणं, आतलं मांस खरवडणं, धुणं, सालीच्या पाण्यात टाकणं. मग कातड्याचीच पिशवी शिवायची, ती टांगायची, आत साल-हिरड्याचं पाणी भरायचं आणि ते पाणी झिरपत झिरपत आरपार जाऊ द्यायचं. मी विचारलं, "झालं हे कसं कळतं?" त्या म्हणाल्या, "कोपरा कापायचा आन् कड बघायची. मधे पांढरी रेघ दिसली की अजून कच्चं. सगळीकडं एकच रंग आला की झालं." प्रयोगशाळेतही काप घेऊन हेच बघतात. आणि म्यानाला ही रेघ फार महत्त्वाची आहे. मधे कच्चं राहिलेलं कातडं वाकवलं की तडकतं आणि भिजलं की वास मारतं.

मी वहीत भराभर लिहून घेत होते. आजींनी पाणी आणलं, मी प्यायले. त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुझा आजा यायचा कातडं न्यायला. उन्हातान्हाचा यायचा. पर आमच्या हातचं पाणी कधी घेतलं न्हाई त्यानं."

तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र पुढचा प्रश्न सुचेना. माझ्या वह्यांत सवर्णांनी केलेल्या अपमानांची पानंच्या पानं होती. हे एक पानही नव्हतं. माझे आजोबा रोहिदासांचा फोटो देव्हाऱ्यात ठेवणारे. बाराव्या शतकातले शरण कक्कय्या ज्यांना आपले वाटतात त्या घरच्या ओट्यावर मात्र ते तहानलेले उभे राहायचे. घरी आल्यावर मी आईला विचारलं. आई म्हणाली, "तसंच होतं तेव्हा." मी विचारलं, "आता?" तिने विषय बदलला.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आपल्याकडे मोठी चर्चा झाली. चप्पल कुणाची, श्रेय कुणाचं, पैसा कुणाला. योग्यच प्रश्न. पण मी वाचलेल्या बातम्यांत कातडं कुणी कमावलं हे विचारणारं फारसं कुणी नव्हतं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन आहे. त्या चपलेचा जीव साल-हिरड्याच्या कातड्यात आहे, आणि ते करणारे हात कमी होत चाललेत.

हे फक्त आपल्याकडचं नाही. मित्राने सांगितल्यावर मी खुकरीबद्दल वाचलं. नेपाळात पातं घडवणारे कामी, म्यानाचं कातडं करणारे सार्की, दोघेही तिथे अस्पृश्य मानलेले. १९६३ च्या मुलुकी ऐनने कायद्यातून ती अस्पृश्यता काढली. खुकरीचं म्यान आतून लाकडी असतं, वरून कातडं. पातं जड आणि वाकडं, त्यामुळे नुसत्या कातड्यावर भिस्त ठेवत नाहीत. मागे दोन छोटी पाती ठेवायची सोय असते, करदा आणि चकमक. मानाची वस्तू म्हणून ती भिंतीवर लागते. शिवणारा दाराबाहेर.

आता कातडं मिळणंही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशी त्यातून बाहेर आहेत. पण कायदा काय म्हणतो आणि रस्त्यावर टेम्पो अडवणारे काय म्हणतात, यात अंतर आहे. २००२ मध्ये हरियाणात झज्जरजवळ दुलीना इथे पाच दलितांना जमावाने मारलं. जुलै २०१६ मध्ये ऊना तालुक्यात मेलेल्या गायीचं कातडं सोलणाऱ्या तरुणांना बांधून फटके मारले. म्हणून कुणी मला विचारलं, "चांगलं गाईचं कातडं कुठे मिळेल?" तर मी आधी विचारते, ते वाहून आणणाऱ्याचं काय?

आणि एक गैरसमज आताच दूर करते. मी कुणाला बापाच्या धंद्याकडे परत जायला सांगत नाहीये. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडायला सांगितलं. ज्यांनी ते सोडलं त्यांनी उपाशी राहून सोडलं, आणि त्यांच्यामुळे आपण इथे बसलो आहोत. माझा भाऊ बँकेत आहे. त्याला रापी धरता येत नाही, आणि धरता यावी असं घरात कुणालाच वाटत नाही. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. छंद म्हणून म्यानं शिवणारे लोक सालीच्या कातड्याचं कौतुक करतात तेव्हा ती अभिरुची ठरते, आणि त्याच कातड्याची पांढरी रेघ ओळखणाऱ्या आजी मात्र माझ्या प्रबंधाच्या आराखड्यात "माहिती देणारी व्यक्ती क्रमांक अमुक" होतात. तो आराखडा मीच लिहिला होता.

हे ज्ञान रक्तात असतं म्हणणाऱ्यांना तर माझं उदाहरण द्या. चांभाराच्या घरात जन्मले, चामड्यावर संशोधन करते, आणि क्रोमचं म्यान शिवून मित्राच्या मांडीला टाके घालवले.

दुसरं म्यान मी त्या आजींच्या घरच्या कातड्याचं शिवलं. दर त्यांच्या सुनेने सांगितला, मी घासाघीस केली नाही. अण्णांनी ते हातात घेऊन उलटं केलं, सुरी आत ठेवून हलवली, खाली पडेना. मग शिवण बघून म्हणाले, "टाका जरा लांब पडलाय." मित्राला देताना मी त्याला वडील काय करतात ते सांगितलं. तो म्हणाला, "मग पहिलं म्यान त्यांच्याकडून का नाही घेतलंस?"

आता दोन तुकडे तुमच्याकडे देते. एक सालीचा, एक क्रोमचा, मुद्दाम एकाच रंगात रंगवलेले आहेत. वरून बघून सांगू नका. टेबलावर ब्लेड आहे, कोपरा कापा, कड उजेडात धरा. पाण्याचा थेंब टाकायचा तर उलट्या बाजूला टाका, वरचा रंग फसवतो. सालीचा तुकडा थेंब पिऊन लगेच गडद होईल. मागच्या रांगेत पोहोचवा, आणि कापताना बोटं सांभाळा.